टेकडीपासून कार्बनपर्यंत: ब्रिटिश पर्यावरण चळवळ सोडून गेलेले

ब्रिटनमधली थेट कृतीची पर्यावरण चळवळ हवामानबदलावरून उभी राहिलेली नाही. ती उभी राहिली रस्त्यांवरून. मे १९८९मध्ये मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने ‘रोड्स फॉर प्रॉस्पेरिटी’ नावाची श्वेतपत्रिका काढली. तीत २३ अब्ज पौंडांची रस्तेबांधणी होती, आणि रोमनांनंतर देशात एवढे मोठे काम झालेले नाही अशी तिची फुशारकी मारली जात होती. त्यातला एक तुकडा होता हॅम्पशायरमधल्या विंचेस्टर शहराजवळचा, एम-३ महामार्गाचा. तो ट्वायफर्ड डाउन या पांढऱ्या चुनखडीच्या टेकडीतून जाणार होता. टेकडीवर प्राचीन वस्तीच्या खुणा होत्या, फुलपाखरांचे गवताळ माळ होते आणि सरकारच्याच कागदोपत्री ती संरक्षित होती. तरीही बोगदा महाग पडतो म्हणून टेकडी उभी कापायचे ठरले.

फ्रेंड्स ऑफ द अर्थ ही ब्रिटनमध्ये १९७१पासून काम करणारी जुनी संस्था. १९९२च्या सुरुवातीला तिच्या कार्यकर्त्यांनी ट्वायफर्ड डाउनवर काम अडवले. पण न्यायालयाच्या मनाई हुकुमाची वेळ आली तेव्हा संस्थेने माघार घेतली. तिची जागा दोन गटांनी घेतली. एक, १९९१मध्ये हेस्टिंग्जच्या तरुणांनी सुरू केलेली ‘अर्थ फर्स्ट’ची ब्रिटिश शाखा, दुसरा, टेकडीवरच पाले ठोकून राहिलेली ‘डोंगा टोळी’. ९ डिसेंबर १९९२ला पिवळी जाकिटे घातलेल्या खासगी सुरक्षारक्षकांनी या लोकांना फरपटत टेकडीवरून हुसकावले. आंदोलकांच्या आठवणींत तो दिवस ‘यलो वेन्सडे’ म्हणून राहिला. १९९४मध्ये रस्ता सुरू झाला.

चळवळीतला पहिला भ्रमनिरास इथला आहे, आणि त्याने कोणी चळवळ सोडली नाही. उलट अर्ज, सुनावण्या आणि कायदेशीर मार्गाने चालणाऱ्या संस्था यांवरचा विश्वास उडाल्याने तरुण मंडळी अधिक आत ओढली गेली. ट्वायफर्ड डाउनवर आलेल्या विद्यार्थ्यांत ऑक्सफर्डला इतिहास शिकणारे पॉल किंग्जनॉर्थ होते. हवामान, कार्बन, तापमानवाढ हे शब्द तेव्हा त्या टेकडीवर फारसे कोणाच्या तोंडी नव्हते. डोळ्यांसमोर एक विशिष्ट जागा होती आणि ती वाचवायची होती. किंग्जनॉर्थ यांनी पुढे जे लिहिले त्याचे मूळ या साध्या गोष्टीत आहे.

त्यानंतरची चार वर्षे चळवळीच्या भराची होती. लंडनमध्ये एम-११ला जोडणाऱ्या रस्त्यासाठी पाडायच्या घरांत लोक घुसून बसले. क्लेअरमाँट रोड ही अख्खी गल्ली १९९४च्या अखेरीपर्यंत त्यांनी ताब्यात ठेवली. बर्कशायरमधल्या न्यूबरीचा बाह्यवळण रस्ता हे यातले सर्वांत मोठे प्रकरण. सुमारे चौदा किलोमीटरच्या या रस्त्यासाठी १९९६च्या जानेवारीत तोड सुरू झाली आणि जवळपास १०,००० झाडे गेली. झाडांवर फळ्यांची घरटी बांधून लोक राहिले, फांद्याफांद्यांना दोर बांधून इकडून तिकडे गेले, आणि गिर्यारोहकांना भाड्याने आणून त्यांना खाली उतरवावे लागले. ८००हून अधिक अटका झाल्या. पुढच्याच वर्षी डेव्हनमध्ये ए-३० रस्त्याखाली भुयार खणून त्यात आठवडाभर राहिलेला ‘स्वॅम्पी’ देशभर घरोघरी माहीत झाला.

लढाया हरल्या, पण युद्ध बरेचसे जिंकले गेले, असा या पर्वाचा हिशेब आहे. न्यूबरीचा रस्ता नोव्हेंबर १९९८मध्ये उघडला. मात्र तोवर सुरक्षेवरच कोट्यवधी पौंड खर्च झाले होते आणि श्वेतपत्रिकेतल्या अनेक योजना सरकारने आपणहून गुंडाळल्या होत्या. कायदा मोडून सरकारला वाकवता येते, ही खात्री घेऊन कार्यकर्त्यांची एक पिढी नव्या लक्ष्याच्या शोधात निघाली.

ते लक्ष्य १९९६मध्ये बंदरावर आले. मॉन्सॅन्टो कंपनीचे जनुकीय बदल केलेले (जीएम) सोयाबीन त्या वर्षी अमेरिकेतून युरोपात उतरू लागले. मॅडकाऊ रोगाने ब्रिटनमधला ग्राहक आधीच धास्तावलेला होता. अन्न सुरक्षित आहे हे सरकारचे सांगणे ऐकायला कोणी तयार नव्हते. एडिंबराला इतिहास आणि राज्यशास्त्र शिकून ऑक्सफर्डला आलेले मार्क लायनस हे या नव्या आंदोलनातले एक नाव. कंपन्यांवर टीका करणाऱ्या ‘कॉर्पोरेट वॉच’मध्ये त्यांनी लिहिले आणि रात्रीच्या अंधारात जीएम पिकांची प्रायोगिक शेते उपटायला ते गेले. रोझलिन संस्थेतली डॉली ही क्लोन केलेली मेंढी पळवण्याचा एक बेतही त्यांच्या गटाने केला होता. तो फसला, आणि लायनस यांनी दोन दशकांनी पुस्तकात लिहीपर्यंत जगाला तो ठाऊक नव्हता.

२६ जुलै १९९९ला नॉरफकमधल्या लिंग गावी ग्रीनपीसच्या २८ जणांनी जीएम मक्याचे शेत कापून टाकले. त्यांचे पुढारी होते संस्थेचे तेव्हाचे कार्यकारी संचालक लॉर्ड मेल्चेट. सरदार घराण्यातला, पूर्वीचा मंत्री आणि स्वतः शेती करणारा हा माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. सप्टेंबर २०००मध्ये नॉरिचच्या ज्यूरीने मालमत्तेच्या नासधुशीच्या आरोपातून सगळ्यांना निर्दोष सोडले. तोवर सुपरमार्केटांनी जीएम घटक मांडणीवरून हटवले होते आणि युरोपीय संघात नव्या जीएम पिकांच्या मंजुऱ्या थांबल्या होत्या. ब्रिटनच्या पर्यावरण चळवळीला इतके निर्भेळ यश ना आधी मिळाले होते, ना नंतर मिळाले. चौदा वर्षांनी तिच्यातलाच एक माणूस याच यशाबद्दल माफी मागणार होता.

दोन्ही लढे ओसरले तेव्हा उरला हवामानबदल. १९९७चा क्योटो करार झाला होता, २००१मध्ये जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी त्यातून अंग काढून घेतले, आणि चळवळीतल्या वाचणाऱ्या मंडळींचे लक्ष तिकडे वळले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात लायनस यांनी ऑक्सफर्डच्या एका पुस्तकांच्या दुकानात डॅनिश लेखक ब्यर्न लोम्बोर्ग यांच्या तोंडावर केक मारला. लोम्बोर्ग पर्यावरणाच्या संकटांची अतिशयोक्ती होते असे सांगत हिंडत होते. लायनस यांचे भूगर्भशास्त्रज्ञ वडील पेरूमध्ये काम करत असताना त्यांनी एका हिमनदीचे छायाचित्र घेतले होते. मुलगा वीसेक वर्षांनी तिथे गेला तेव्हा ती नाहीशी झाली होती. यातून २००४मध्ये ‘हाय टाइड’ हे पुस्तक आले. २००७मधल्या ‘सिक्स डिग्रीज’साठी त्यांनी शोधनिबंधांचे ढीग उपसले, आणि त्या पुस्तकाला २००८मध्ये रॉयल सोसायटीचे विज्ञानपुस्तकांचे पारितोषिक मिळाले. शेत उपटणारा कार्यकर्ता आता विज्ञानाचे दाखले देऊन हवामानबदल नाकारणाऱ्यांशी भांडत होता. पुढचा पेच या भांडणातच तयार झाला.

रस्त्यावरची बाजू ‘कॅम्प फॉर क्लायमेट ॲक्शन’ने सांभाळली. २००६मध्ये यॉर्कशायरमधल्या ड्रॅक्स या प्रचंड कोळसा वीजकेंद्राजवळ या गटाचा पहिला तळ पडला, २००७मध्ये हीथ्रो विमानतळाजवळ आणि २००८मध्ये केंटमधल्या किंग्जनॉर्थ वीजकेंद्राजवळ. (वीजकेंद्र आणि लेखक यांचा नावापलीकडे काही संबंध नाही.) तळांवर शौचालयापासून स्वयंपाकापर्यंत सगळे सामूहिक, निर्णय सर्वसहमतीने. तरी एक बदल जुन्या लोकांना जाणवत होता. टेकडी दाखवता येत होती, न्यूबरीची ओक झाडे मोजता येत होती. वातावरणातल्या कार्बन डायऑक्साइडचे तसे नव्हते. तो जगभरच्या धुराड्यांतून येत होता आणि एखादा तळ टाकून थांबणारा नव्हता. त्यामुळे चळवळीची नजर हळूहळू आंतरराष्ट्रीय परिषदांवर खिळली.

डिसेंबर २००९च्या कोपनहेगन परिषदेने त्या आशेला सुरुंग लावला. बंधनकारक करार होईल म्हणून हजारो कार्यकर्ते तिथे जमले होते. हाती आला तो केवळ ‘दखल घेतलेला’ एक मसुदा. लायनस तेव्हा मालदीवचे अध्यक्ष मोहम्मद नशीद यांचे सल्लागार म्हणून आत होते. परिषद संपताच ‘गार्डियन’मध्ये त्यांनी लिहिले की करार चीनने हाणून पाडला आणि ते आपण त्या खोलीत बसून पाहिले. बाहेरचे कार्यकर्ते श्रीमंत देशांना दोष देत असताना हे लिहिणे त्यांच्या जुन्या साथीदारांना रुचणारे नव्हतेच. क्लायमेट कॅम्पने पुढे फार काळ तग धरला नाही. २०११च्या सुरुवातीला त्याच्या कार्यकर्त्यांनी तो स्वतःच विसर्जित केला.

किंग्जनॉर्थ यांनी कोपनहेगनची वाट पाहिली नव्हती. १९९९ ते २००१ ते ‘द इकॉलॉजिस्ट’ या मासिकाचे उपसंपादक होते, जागतिकीकरणविरोधी आंदोलनांवर त्यांनी २००३मध्ये पुस्तक लिहिले होते. २००९च्या उन्हाळ्यात डूगल्ड हाइन यांच्याबरोबर त्यांनी ‘अनसिव्हिलायझेशन’ हा जाहीरनामा काढला आणि ‘डार्क माउंटन प्रोजेक्ट’ सुरू केला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: ही संस्कृती वाचवता येणार नाही आणि ती वाचवता येईल असे लोकांना सांगत राहणे हा खोटेपणा आहे, लेखकांनी आता या पडझडीच्या काळासाठी नव्या कथा लिहाव्यात. ‘गार्डियन’चे स्तंभलेखक जॉर्ज मॉन्बिओ यांनी त्याच ऑगस्टमध्ये त्यांच्याशी जाहीर पत्रव्यवहार केला. संस्कृती कोसळली तर निसर्गाला मोकळीक मिळेल ही कल्पना त्यांना निर्दय वाटली, कारण त्या पडझडीत मरणार असतात ते दुबळे आणि उरतात ते बळजोर. मॉन्बिओ यांचा हा आक्षेप आजही तितकाच वजनदार आहे, आणि डार्क माउंटनकडून त्याला सरळ उत्तर आलेले नाही.

तरी किंग्जनॉर्थ यांची टीका नुसत्या निराशेची नव्हती. नंतरच्या एका निबंधात त्यांनी आपल्या माघारीचे कारण मांडले. आपण निसर्गावरच्या प्रेमापोटी आलो होतो, आणि पंधरा-वीस वर्षांत ही चळवळ कार्बनच्या हिशेबाची झाली, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या उघड्या माळांसाठी आणि डोंगरांसाठी आधीची पिढी रस्त्यांशी भांडली, त्याच माळांवर पवनचक्क्यांची रांग उभी करायला पर्यावरणवादीच निघाले आहेत, आणि विरोध करणाऱ्याला तेच मागास ठरवतात. शाश्वतता म्हणजे काय टिकवायचे, तर श्रीमंत माणसाची आजची राहणी. या मांडणीत एक खोच आहे. कोळसा जाळणे थांबले नाही तर तो माळही उरणार नाही, आणि पवनचक्की हे त्यावरचे एक खरे उत्तर आहे. किंग्जनॉर्थ हा भाग चटकन ओलांडून जातात. पण चळवळीचे मन बदलले ते त्यांनी अचूक टिपले. १९९२चा आंदोलक आणि २००९चा आंदोलक एकाच झेंड्याखाली असले तरी एकाच गोष्टीसाठी लढत नव्हते.

डार्क माउंटनने २०१० ते २०१३ वार्षिक मेळे भरवले आणि निबंधांचे, कवितांचे जाड ग्रंथ काढले. किंग्जनॉर्थ २०१४मध्ये कुटुंबासह आयर्लंडच्या ग्रामीण भागात गेले. त्याच वर्षी त्यांची ‘द वेक’ ही कादंबरी बुकरच्या लांब यादीत आली. २०२१मध्ये त्यांनी ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथाची दीक्षा घेतली. त्यांचे लेखन आता मुख्यतः यंत्रसंस्कृतीविरुद्ध आणि धर्माबद्दल असते.

लायनस नेमके उलट दिशेने गेले. पहिली फूट अणुऊर्जेवर पडली. पृथ्वीला एक सजीव व्यवस्था मानणारी ‘गाया’ ही कल्पना मांडणारे शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक यांनी २००४मध्येच अणुऊर्जेशिवाय तरणोपाय नाही असे लिहून हिरव्या मंडळींना धक्का दिला होता. फेब्रुवारी २००९मध्ये लायनस, ग्रीनपीसचे माजी कार्यकारी संचालक स्टीफन टिंडेल, सरकारच्या पर्यावरण संस्थेचे अध्यक्ष लॉर्ड ख्रिस स्मिथ आणि लेखक ख्रिस गुडॉल या चौघांनी ‘इंडिपेंडंट’मधून आपण अणुऊर्जेचा विरोध सोडल्याचे सांगितले. टिंडेल यांनी ग्रीनपीसमध्ये पाच वर्षे अणुऊर्जेच्या विरोधाचे नेतृत्व केले होते. मार्च २०११मध्ये फुकुशिमाच्या अपघातानंतर मॉन्बिओही त्या बाजूला गेले. एवढ्या मोठ्या अपघातातही किरणोत्सर्गाने झालेली हानी कोळशापेक्षा कमी, असा त्यांचा हिशेब होता. किंग्जनॉर्थ यांच्याशी भांडणारे आणि स्वतः चळवळ न सोडणारे मॉन्बिओ या प्रश्नावर लायनस यांच्या शेजारी उभे राहिले, यावरून रेषा किती वाकड्यातिकड्या होत्या ते कळते.

दुसरी फूट खोल होती. २००८मध्ये लायनस यांनी जीएमविरुद्ध आणखी एक लेख लिहिला, आणि वाचकांनी त्यांना विचारले की हवामानबदलाबाबत शास्त्रज्ञांच्या एकमताची ग्वाही देणारा माणूस पिकांबाबत त्याच शास्त्रज्ञांना का झिडकारतो. हा प्रश्न त्यांच्या मनातून गेला नाही. ३ जानेवारी २०१३ला ऑक्सफर्ड शेती परिषदेत उभे राहून त्यांनी जीएम पिके उपटल्याबद्दल आणि या तंत्राला बदनाम करणाऱ्या चळवळीला हातभार लावल्याबद्दल जाहीर माफी मागितली. त्यांचे म्हणणे असे की त्या वर्षांत आपण जैवतंत्रज्ञानावरचा एकही शोधनिबंध वाचला नव्हता.

भाषण जगभर गाजले. कंपन्यांना हवा होता तसा साक्षीदार मिळाला, आणि ज्यांच्याबरोबर त्यांनी शेते उपटली ते चिडले. या माणसाने आपले महत्त्व फुगवून सांगितले, तो कधीच आंदोलनाचा संस्थापक नव्हता, असा जुन्या साथीदारांचा आक्षेप होता. त्यात तथ्य आहे. चळवळ अनेकांची होती. पण संस्थापक होते की साधे कार्यकर्ते, यावर मूळ प्रश्नाचे उत्तर अवलंबून नव्हते. शास्त्रीय मताला कुठे मान द्यायचा आणि कुठे नाही हे चळवळ सोयीने ठरवते, हा आरोप आरोपकर्त्याला हिणवून मिटणारा नव्हता.

इथे या कहाणीचा धागा महाराष्ट्राला येऊन मिळतो. लायनस पुढे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या एका उपक्रमात दाखल झाले आणि बांगलादेशातल्या बीटी वांग्याबद्दल लिहू लागले. शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीला तोंड देणारे हे वांगे तयार झाले ते जालन्यात, बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४मध्ये स्थापन केलेल्या महिको कंपनीत. भारतात जनुकीय तंत्रज्ञान मंजुरी समितीने ऑक्टोबर २००९मध्ये त्याला हिरवा कंदील दाखवला. मग पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी देशात सात ठिकाणी जनसुनावण्या घेतल्या. त्यातली एक नागपूरला झाली. ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांनी वांग्याला स्थगिती दिली. बांगलादेशाने ऑक्टोबर २०१३मध्ये हेच तंत्र वापरलेल्या चार जाती मंजूर केल्या, आणि पुढच्या हंगामात वीस शेतकऱ्यांनी त्या लावल्या.

महाराष्ट्रात या वादाची मांडणी ब्रिटनसारखी झाली नाही. इथे जीएमच्या बाजूने बोलायला कोणा पश्चात्तापदग्ध पर्यावरणवाद्याची गरज पडली नाही. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने बाजार स्वातंत्र्याच्या जोडीने तंत्रज्ञान स्वातंत्र्याची मागणी कधीचीच केली होती. जून २०१९मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोट तालुक्यात संघटनेच्या शेतकऱ्यांनी मंजुरी नसलेला, तणनाशक सोसणारा एचटीबीटी कापूस उघडपणे पेरून सविनय कायदेभंग केला. ब्रिटनमध्ये कायदा मोडून जीएम पीक उपटले गेले आणि अकोटात कायदा मोडून ते पेरले गेले. दुसरीकडे विदर्भाच्याच कापसाने जीएमच्या बाजूच्यांनाही अडचणीत आणले. २०१७च्या हंगामात गुलाबी बोंडअळी बीटीला दाद देईनाशी झाली, आणि यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. बियाण्याने फवारणी कायमची कमी होते हे विधान त्या शिवारात तरी टिकले नाही.

लायनस आणि त्यांच्यासारख्यांनी ज्या उपायांची बाजू घेतली त्यांनाही वास्तवाने सोडलेले नाही. सॉमरसेटमधल्या हिंकली पॉइंट सी या अणुवीजकेंद्राचा खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला आणि ते या दशकाच्या अखेरीआधी सुरू होण्याची चिन्हे नाहीत. अ जीवनसत्त्वासाठी जनुकीय बदल केलेल्या ‘सोनेरी तांदळा’ला फिलिपिन्समध्ये २०२१मध्ये लागवडीची मंजुरी मिळाली, पण एप्रिल २०२४मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ती रद्द केली.

चळवळ सोडण्यामागे आणखी एक कारण होते आणि ते विचारांचे नव्हते. १३ एप्रिल २००९च्या पहाटे नॉटिंगहॅममधल्या एका शाळेत जमलेल्या ११४ जणांना पोलिसांनी अटक केली. रॅटक्लिफ-ऑन-सोर हे कोळसा वीजकेंद्र बंद पाडण्याची त्यांची तयारी चालली होती. ज्या ‘मार्क स्टोन’ने गाडी आणि पैसे पुरवले तो मार्क केनेडी नावाचा गुप्त पोलीस निघाला. २००३पासून सात वर्षे तो कार्यकर्त्यांच्या घरांत राहिला होता, त्यांच्यातल्या स्त्रियांशी त्याने प्रेमसंबंध ठेवले होते. २०१०च्या ऑक्टोबरात त्याचे बिंग साथीदारांनीच फोडले. पुढच्या जानेवारीत सहा आरोपींवरचा खटला कोसळला आणि जुलैत वीस जणांची आधीची शिक्षा अपिलात रद्द झाली.

केनेडी एकटा नव्हता. मॅकडॉनल्ड्सने ज्या पत्रकावरून लंडन ग्रीनपीसच्या दोघा कार्यकर्त्यांना वर्षानुवर्षे न्यायालयात खेचले, ते पत्रक लिहिण्यात बॉब लॅम्बर्ट या गुप्त पोलिसाचाच हात होता, हे २०१३मध्ये उघड झाले. फसवल्या गेलेल्या सात स्त्रियांची लंडन पोलिसांनी नोव्हेंबर २०१५मध्ये जाहीर माफी मागितली. सरकारने चौकशी आयोग नेमला. या प्रकरणाने चळवळीचे जे नुकसान झाले ते कोणत्याही वैचारिक मतभेदाने झालेले नाही. शेजारी बसलेला माणूस खरा कोण, हे कळेनासे झाले की सर्वसहमतीने चालणारा तळ उभाच राहू शकत नाही.

२०१८मध्ये एक नवी लाट आली. ३१ ऑक्टोबरला लंडनच्या पार्लमेंट चौकात ‘एक्स्टिंक्शन रिबेलियन’ची घोषणा झाली, नोव्हेंबरात टेम्सवरचे पाच पूल अडवले गेले, आणि एप्रिल २०१९मध्ये ऑक्सफर्ड सर्कसच्या मधोमध गुलाबी नाव उभी करून हजारावर लोकांनी अटक करून घेतली. १ मे रोजी ब्रिटिश संसदेने हवामान आणीबाणी जाहीर केली, जूनमध्ये २०५०पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचा कायदा झाला. न्यूबरीच्या कोणाही आंदोलकाला अशी गती स्वप्नातही दिसली नसती.

भ्रमनिरासही तितक्याच वेगाने आला. संघटनेचे एक संस्थापक रॉजर हॅलम या शतकात सहा अब्ज माणसे मरतील असे सांगत होते. आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या अहवालांत याला आधार नाही. ऑक्टोबर २०१९मध्ये बीबीसीच्या मुलाखतकाराने संघटनेच्या प्रवक्त्या, भारतीय वंशाच्या झायन लाइट्स यांना नेमके हेच विचारले आणि त्यांना समर्थन करता आले नाही. आठवड्याभरात पूर्व लंडनच्या कॅनिंग टाउन स्थानकावर काही आंदोलक भुयारी रेल्वेच्या टपावर चढले, आणि कामावर निघालेल्या प्रवाशांनी त्यांना ओढून खाली पाडले. विजेवर चालणारी सार्वजनिक वाहतूक अडवून हवामान कसे वाचणार, याचे उत्तर संघटनेतही अनेकांकडे नव्हते. लाइट्स २०२०मध्ये बाहेर पडल्या आणि अणुऊर्जेच्या प्रचाराला लागल्या. लायनस यांना जे समजायला दशकभर लागले ते त्यांना एका मुलाखतीने आणि एका वर्षाने समजले, असे म्हणता येईल. मात्र त्यांची वाट लायनस यांनी आधीच मळवून ठेवली होती.

वृत्तपत्रांना अशा माणसांची गोष्ट आवडते, कारण तिच्यात धर्मांतराचे नाट्य असते. तिचा वापरही ठरलेला आहे: बघा, त्यांचाच माणूस सांगतो की हवामानबदलाचे स्तोम आहे. वस्तुस्थिती अशी की किंग्जनॉर्थ, लायनस, टिंडेल, लाइट्स यांपैकी कोणीही हवामानबदल नाकारलेला नाही. तसे करणारे सर्वांत प्रसिद्ध नाव कॅनडाचे पॅट्रिक मूर. ते ग्रीनपीसच्या सुरुवातीच्या मंडळींतले, १९८६मध्ये संस्था सोडली आणि पुढे मानवनिर्मित तापमानवाढच अमान्य केली. पण मूर हा या इतिहासातला अपवाद आहे आणि तो नियम म्हणून खपवला जातो. लव्हलॉक यांनी २०१२मध्ये हवामानाबद्दलचे आपले जुने भाकीत अतिरंजित होते असे कबूल केले, तेव्हाही तापमानवाढ खरी आहे हे त्यांनी सोडले नव्हते. चळवळ सोडणाऱ्यांचे भांडण रोगाच्या निदानाशी नव्हते, औषधाशी होते. आणि औषधाबाबत त्यांचे आपसात जितके वाकडे होते तितके चळवळीशीही नव्हते. किंग्जनॉर्थ यांना यंत्रांनी घेरलेले जग नको, लायनस यांना अधिक चांगली यंत्रे हवीत. ‘माजी पर्यावरणवादी’ असे एकच लेबल या दोघांना लावणे फसवे आहे.

१ जानेवारी २०२३ला एक्स्टिंक्शन रिबेलियनने लोकांची कोंडी करणे हे आपले मुख्य हत्यार राहणार नाही असे जाहीर केले. तिच्यातूनच फुटलेल्या ‘जस्ट स्टॉप ऑइल’ने जुना मार्ग धरून ठेवला, ऑक्टोबर २०२२मध्ये व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांच्या चित्रावरच्या काचेवर सूप फेकणारे तेच. दरम्यान २०२२ आणि २०२३च्या कायद्यांनी निदर्शनांवरच्या शिक्षा कडक केल्या होत्या. लंडनभोवतीचा एम-२५ रस्ता अडवण्याच्या कटासाठी हॅलम यांना जुलै २०२४मध्ये पाच वर्षांची कैद झाली, अपिलात ती चार वर्षांवर आली. मार्च २०२५मध्ये जस्ट स्टॉप ऑइलने काम थांबवत असल्याचे सांगितले. नवे तेल-वायू परवाने न देण्याची आपली मागणी आता सरकारी धोरण झाली आहे, असे कारण त्यांनी दिले.

तुरुंगवास, नोकरी, मुलेबाळे किंवा निव्वळ थकवा यांमुळे चळवळीतून गेलेल्या माणसांनी पुस्तके लिहिलेली नाहीत आणि परिषदांत भाषणे केलेली नाहीत. या भ्रमनिरासाचा जो इतिहास उपलब्ध आहे तो लिहिता येणाऱ्या मोजक्यांचा आहे, आणि वाचकाने तो तेवढाच धरावा.